आवडता नायक, नावडते अंक

एप्रिल २०२२ मध्ये ‘अमेझिंग स्पायडरमॅन’ ही मालिका पुन्हा एकदा पहिल्या क्रमांकापासून सुरू झाली. लेखक झेब वेल्स, चित्रकार जॉन रोमिता ज्युनियर. पहिल्याच अंकात पीटर पार्कर, म्हणजे स्पायडरमॅन, कर्जात बुडालेला, जवळच्या माणसांनी दूर लोटलेला. आणि त्याची जुनी प्रेयसी मेरी जेन दुसऱ्याच पुरुषाबरोबर, दोन मुलांच्या संसारात. हे असं का झालं, याचं उत्तर मिळायला वाचकांना जवळजवळ वर्षभर थांबावं लागलं, आणि मिळालं तेव्हा फार थोड्यांचं समाधान झालं. मे २०२३ मध्ये २६व्या अंकात कमला खान, म्हणजे मिस मार्व्हल, मारली गेली. जिच्या नावावर स्वतःच्या मालिका निघाल्या, ती नायिका दुसऱ्याच्या मालिकेत, दुसऱ्याच्या दुःखाचं निमित्त होऊन गेली, आणि दोन महिन्यांत वेगळ्याच एका अंकात जिवंतही झाली. चाहते संतापले. तरीही त्या सगळ्या काळात ही मालिका मार्व्हलच्या सर्वाधिक खपाच्या मालिकांपैकी एक होती.

म्हणजे रागावणारे वाचक अंक विकत घेतच होते. तुम्हीही त्यांच्यापैकी असाल, स्पायडरमॅन असो, एक्स-मेन असो की बॅटमॅन, दर अंक संपल्यावर चरफडत असाल आणि पुढचा अंक आला की पुन्हा हात पुढे करत असाल, तर हा लेख तुमच्यासाठी आहे. ‘आवडत नाही तर वाचता कशाला?’ हे तुम्हाला घरच्यांनी विचारून झालेलं असेल. त्या प्रश्नात तुमची कीव आहे, समज नाही. मला तुमची निष्ठा मोलाची वाटते. ती चुकीच्या जागी खर्च होते आहे का, एवढंच तपासून पाहू.

आधी हे मान्य करू, की थांबून राहणाऱ्या चाहत्याच्या बाजूने इतिहासात भक्कम पुरावा आहे. ‘एक्स-मेन’ १९६३ मध्ये सुरू झालं आणि १९७० मध्ये इतकं थकलं, की पुढची पाच वर्षं त्या नावाखाली मार्व्हल जुन्याच कथा पुन्हा छापत होतं. एकही नवी गोष्ट नाही. मग १९७५ मध्ये लेन वाइन आणि डेव्ह कॉक्रम यांनी स्टॉर्म, नाइटक्रॉलर, कोलोसस अशी नवी मंडळी आणली, पाठोपाठ लेखनाची सूत्रं क्रिस क्लेअरमाँटकडे गेली आणि तो १९९१ पर्यंत लिहीत राहिला. अमेरिकन कॉमिक्सच्या इतिहासातल्या सर्वांत यशस्वी मालिकांपैकी एक त्या राखेतून उभी राहिली. ‘डेअरडेव्हिल’ची तीच कथा. १९७९ मध्ये फ्रँक मिलर चित्रकार म्हणून आला तेव्हा ती मालिका दोन महिन्यांतून एकदा निघत होती आणि बंद पडण्याच्या वाटेवर होती. १९८१ पासून तो लिहूही लागला, इलेक्ट्रा आली, आणि दोन वर्षांत ‘डेअरडेव्हिल’चं नाव सगळ्यांच्या तोंडी झालं. ‘स्वॅम्प थिंग’ असंच मरणपंथाला लागलेलं असताना अ‍ॅलन मूरच्या हाती आलं.

हे सगळं चाहत्याला पाठ असतं. म्हणून तो थांबतो. उद्या एखादा मिलर आपल्याही मालिकेला मिळेल, ही आशा वेडगळ नाही. ती अनेकदा खरी ठरलेली आहे. कादंबरी वाईट निघाली तर वाईटच राहते. कॉमिक्सच्या मालिकेत मात्र लेखक बदलतो, चित्रकार बदलतो, संपादक बदलतो, आणि साठ वर्षांचं पात्र अचानक पुन्हा जिवंत वाटू लागतं. या आशेनेच वाचक टिकतात, आणि तिच्याच जोरावर वाईट अंकही विकले जातात.

पैसे गेले, म्हणून पुन्हा पैसे

थांबण्यामागे दुसरंही एक कारण आहे, आणि त्याचा आशेशी काही संबंध नाही. हॅल आर्क्स आणि कॅथरीन ब्लूमर या मानसशास्त्रज्ञांनी १९८५ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. ओहायो विद्यापीठाच्या नाट्यगृहाची हंगामभराची तिकिटं घ्यायला आलेल्यांपैकी काहींना त्यांनी पूर्ण किमतीत तिकीट दिलं आणि काहींना, चिठ्ठ्या टाकाव्यात तसं कोणताही निकष न लावता, सवलतीत दिलं. नाटकं तीच, रंगमंच तोच. पण हंगामाच्या पूर्वार्धात पूर्ण पैसे भरलेले प्रेक्षक जास्त नाटकांना आले. नाटक पाहावंसं वाटतं म्हणून जावं, हे सोडून पैसे भरलेत म्हणून जावं, असं त्यांचं झालं होतं.

कॉमिक्सच्या चाहत्याने तर हंगामभराचं नव्हे, दहा-वीस वर्षांचं तिकीट काढलेलं असतं. घरात खोक्यांत प्लॅस्टिकच्या पिशव्या घालून, मागे पुठ्ठा लावून ठेवलेले शेकडो अंक असतात. ते क्रमाने लागलेले असतात. मधला एखादा नसला तर ती फट डोळ्यांना खुपते. मग ५३वा अंक कसा आहे हा प्रश्नच उरत नाही. ५२ आहे आणि ५४ येणार आहे, म्हणून ५३ लागतो. त्या अंकाचं काम वाचून घेण्याचं राहत नाही, रांग पूर्ण करण्याचं होतं.

त्याच प्रयोगातली पुढची गोष्ट फारशी सांगितली जात नाही, पण आपल्याला तीच जास्त उपयोगाची आहे. हंगामाच्या उत्तरार्धात दोन्ही गटांतला फरक मावळला. भरलेल्या पैशांची बोचणी काळाबरोबर बोथट होते. म्हणून चार-पाच महिने मालिका बाजूला ठेवून पाहा. ज्या फटीची आज धास्ती वाटते, तिच्याकडे तेवढ्या काळानंतर तुम्ही बऱ्याच शांतपणे पाहू शकाल.

तुमचा संताप मोजला जात नाही

सगळ्यात महत्त्वाचं मला जे सांगायचं आहे ते व्यवहाराचं आहे. अमेरिकेत कॉमिक्सच्या अंकांचा मुख्य व्यापार १९८० च्या दशकापासून खास कॉमिक्सच्या दुकानांतून चालतो. दुकानदार अंक छापून येण्याच्या दोन-तीन महिने आधी यादी पाहून मागणी नोंदवतो, अंक विक्रीला येण्याच्या काही आठवडे आधी आकडा पक्का करतो, आणि न खपलेले अंक बहुतेक वेळा परत करता येत नाहीत. तोटा झाला तर त्याचा. म्हणून तो अंदाज कशावर बांधतो? नियमित गिऱ्हाइकांनी त्याच्याकडे नोंदवलेल्या मालिकांच्या यादीवर. ‘पुल लिस्ट’ म्हणतात ती हीच. बुधवारी नवे अंक येतात, तुमच्या नावाच्या गठ्ठ्यात ठेवले जातात, तुम्ही जाऊन उचलता.

या साखळीत तुमचा राग कुठे नोंदवला जातो? कुठेच नाही. यादीत मालिकेचं नाव आहे, म्हणजे एक प्रत. तुम्ही ती प्रत आनंदाने वाचली की दात-ओठ खात, प्रकाशकाच्या आकड्यात दोन्ही सारखंच दिसतं. त्यातच पर्यायी मुखपृष्ठांचा प्रकार आहे. एकाच अंकाला पाच-दहा वेगवेगळी मुखपृष्ठं. काही तर अशी, की दुकानदाराने साध्या २५ प्रती घेतल्या तरच खास मुखपृष्ठाची एक मागवता येते. त्यामुळे खपाचा आकडा आणि वाचकांची संख्या यांतलं अंतर आणखी वाढतं. १९९१ मध्ये ‘एक्स-मेन’च्या नव्या मालिकेचा पहिला अंक पाच मुखपृष्ठांसह निघाला आणि ८० लाखांहून अधिक प्रती विकल्या गेल्या. तेवढे वाचक कधीच नव्हते. अनेकांनी पाचही मुखपृष्ठं घेतली, पुढे भाव येईल म्हणून पेटीत ठेवली. भाव आला नाही. दशकाच्या मध्यापर्यंत बाजार कोसळला, शेकडो दुकानं बंद पडली, आणि डिसेंबर १९९६ मध्ये खुद्द मार्व्हलने दिवाळखोरी जाहीर केली.

त्याच काळात स्पायडरमॅनच्या चाहत्यांच्या निष्ठेची कसोटी लागली. १९९४ च्या अखेरीस पीटर पार्करचा जुना क्लोन परत आणला गेला. कल्पना वाईट नव्हती, आणि ती थोडक्यात आटपायची होती. पण सुरुवातीला खप चांगला झाला, म्हणून विक्री विभागाला ती लांबवायची होती. तेव्हा स्पायडरमॅनच्या चार मासिक मालिका चालू होत्या आणि कथा एकीतून दुसरीत जायची, म्हणून चारही घ्याव्या लागत. १९९५ मध्ये वाचकांना सांगण्यात आलं, की गेली वीस वर्षं तुम्ही ज्याला पीटर समजत होतात तोच क्लोन, आणि खरा पीटर म्हणजे क्लोन म्हणून परत आलेला हा बेन राइली. लोकांच्या वीस वर्षांच्या वाचनावरच बोळा फिरवला गेला. शेवटी डिसेंबर १९९६ मध्ये सगळं उलटं फिरवावं लागलं. १९७३ पासून मेलेला खलनायक नॉर्मन ऑस्बॉर्न जिवंत होता आणि सगळा त्याचाच कट होता, असं ठरलं. बेन मारला गेला. पीटर पुन्हा खरा पीटर झाला. दोन वर्षं, चार मालिका. पहिल्या काही महिन्यांतल्या चांगल्या खपाने ही कथा ताणली गेली, हे विसरू नका. सवयीने विकत घेणाऱ्यांचा तो खप प्रकाशकाला ‘आणखी हवं’ असाच ऐकू आला.

अर्थतज्ज्ञ अल्बर्ट हर्शमन याने १९७० मध्ये लिहिलेल्या एका छोट्या पुस्तकात या पेचाची चांगली उकल आहे, जरी ते पुस्तक कंपन्या, संघटना आणि राज्यं यांच्याविषयी आहे. संस्था घसरू लागली की माणसाकडे दोन मार्ग असतात: निघून जाणं किंवा आवाज उठवणं. निष्ठा निघून जाण्याला थोडा उशीर लावते आणि आवाजाला वेळ मिळवून देते, म्हणून ती उपयोगाची आहे. पण जो कधीच जाणार नाही हे समोरच्याला ठाऊक असतं, त्याच्या आवाजाला वजन राहत नाही. कॉमिक्सच्या चाहत्याची अडचण नेमकी इथे आहे. त्याच्याकडे आवाज भरपूर आहे. जाण्याची शक्यता मात्र त्याने स्वतःच काढून टाकलेली आहे.

आवाजाचं उत्तम उदाहरण याच पडझडीतून जन्मलं. क्लोनच्या कथेत पीटर आणि मेरी जेनचं बाळ त्यांच्यापासून हिरावलं गेलं आणि तो धागा तसाच लोंबकळत राहिला. १९९८ मध्ये टॉम डीफाल्को आणि रॉन फ्रेंझ यांनी ‘ते बाळ वाचलं असतं तर’ या कल्पनेवर एक सुटी कथा लिहिली. मेडे पार्कर, पंधरा वर्षांची, बापाचा वारसा चालवणारी. लोकांना ती इतकी आवडली की ‘स्पायडर-गर्ल’ ही स्वतंत्र मालिका सुरू झाली. खप बेताचाच होता. ती बंद होणार असं अनेकदा जाहीर झालं, आणि वाचकांनी पत्रं लिहून, मोहिमा काढून, दुकानदारांना गळ घालून ती पुन्हा पुन्हा वाचवली. २००६ पर्यंत तिचे १०० अंक निघाले. हे वाचक वाईट अंक सहन करत बसले नव्हते. जे आवडलं त्याच्यामागे ते उभे राहिले. निष्ठा खर्च करायची ती अशी.

नायक कोणाचा?

तुमची निष्ठा नक्की कोणाशी आहे, हे ठरवल्याशिवाय पुढचं काहीच ठरणार नाही. पात्राशी, मालिकेच्या नावाशी, एखाद्या लेखकाशी, आपल्या संग्रहाशी, की बुधवारी दुकानात भेटणाऱ्या मित्रांशी? ही सगळी वेगवेगळी नाती आहेत. मित्रांसाठी जात असाल तर जरूर जा, दुसरं काही विकत घ्या. लेखकासाठी वाचत असाल तर तो जिथे गेला तिथे जा.

पात्राशी नातं असेल तर एक लक्षात घ्या: पात्र एका मालिकेत कोंडलेलं नसतं. पीटर आणि मेरी जेनचं लग्न १९८७ मध्ये झालं. न्यूयॉर्कच्या शे स्टेडियमवर बेसबॉलच्या सामन्याआधी नटनट्यांना उभं करून ते लग्न थाटात लावलं गेलं आणि स्वतः स्टॅन ली पुरोहित झाला होता. २००७ च्या ‘वन मोर डे’ या कथेत आपल्या काकूचे, आंट मेचे, प्राण वाचवण्यासाठी पीटरने ते लग्न मेफिस्टो या सैतानाला देऊन टाकलं, आणि वीस वर्षांचा संसार पुसला गेला. लेखक जे. मायकेल स्ट्रझिन्स्की स्वतःच शेवटावर इतका नाराज होता, की आपलं नाव काढून घेण्यापर्यंत गोष्ट गेली होती. अनेक वाचक तेव्हापासून पंधरा-सोळा वर्षं ‘अमेझिंग’चा प्रत्येक अंक या आशेने घेत राहिले, की आता तरी ते लग्न परत येईल.

ते आलं, पण वेगळ्या दारातून. जानेवारी २०२४ मध्ये जोनाथन हिकमन आणि मार्को केकेट्टो यांची ‘अल्टिमेट स्पायडरमॅन’ सुरू झाली. वेगळं विश्व, वयाने मोठा पीटर, बायको मेरी जेन, दोन मुलं. पहिला अंक हातोहात संपला आणि पुन्हा पुन्हा छापावा लागला. विवाहित, जबाबदार, मोठा झालेला पीटर वाचकांना हवा होता, हे प्रकाशकाला या खपातून कळलं. ‘अमेझिंग’च्या वाचकांच्या पंधरा वर्षांच्या कुरकुरीतून ते कळलं नव्हतं.

काय करावं

दुकानात किंवा ऑनलाइन पुढचा अंक मागवण्याआधी स्वतःला विचारा: आजवर मी यातला एकही अंक घेतला नसता, तर आज सुरुवात केली असती का? उत्तर ‘नाही’ असेल तर तुम्ही वाचत नाही, हप्ते भरता आहात.

तडकाफडकी सोडू नका. आजची कॉमिक्स साधारण पाच-सहा अंकांच्या कथानकांत लिहिली जातात, कारण पुढे त्यांचं पुस्तक निघतं. म्हणून निकाल एका अंकावर देऊ नका, कथानक पूर्ण होऊ द्या. नवा लेखक आला तर त्याला एक कथानक द्या, दोन नकोत. ही मर्यादा आधीच ठरवा आणि शक्य असेल तर मित्राला सांगून ठेवा, कारण शेवटच्या पानावरचा धक्का तुम्हाला पुढच्या अंकात ओढण्यासाठीच लिहिलेला असतो.

वाईट आणि नकोसं यांत फरक करा. डिसेंबर २०१२ मध्ये ‘अमेझिंग स्पायडरमॅन’च्या ७०० व्या अंकात डॅन स्लॉटने पीटरला मारलं; डॉक्टर ऑक्टोपसचं मन त्याआधीच पीटरच्या शरीरात शिरलं होतं. अंक येण्याआधीच शेवट फुटला आणि स्लॉटला ठार मारण्याच्या धमक्या आल्या. त्यानंतरची ‘सुपीरियर स्पायडरमॅन’ आज अनेक चाहत्यांच्या आवडत्या कथांमध्ये आहे. खलनायक नायकाचं आयुष्य जगता जगता माणूस होत जातो, ही गोष्ट स्लॉटने मन लावून लिहिली होती. बदल नकोसा वाटला म्हणून कथा टाकाऊ ठरत नाही. कथा टाकाऊ असते ती लेखकाला काही सांगायचंच नसतं तेव्हा: पात्रं आपल्या स्वभावाबाहेर वागतात, उत्तरं नुसती पुढे ढकलली जातात, मृत्यू फक्त जाहिरातीसाठी येतात. आणि कितीही टाकाऊ असली, तरी लेखकाच्या जिवावर उठणं हे आवाज उठवणं नव्हे.

सोडायचं ठरलं तर वेळेवर सांगा. अमेरिकेत, इंग्लंडमध्ये राहणारे आणि दुकानात यादी ठेवणारे आपले वाचक असतील, त्यांनी मागणी पक्की होण्याआधी दुकानदाराला कळवावं. नावाचा गठ्ठा मागवून न उचलणं हा त्या माणसावर अन्याय आहे. वाईट कथा त्याने लिहिलेली नाही. संपादकांना पत्र लिहा. पण ‘बंडल आहे’ एवढंच लिहू नका. कोणत्या अंकात, कोणत्या प्रसंगात, कोणतं पात्र का खोटं वाटलं ते लिहा, आणि त्याच पत्रात हल्ली काय वाचून आनंद झाला आणि तुमचे पैसे आता कुठे जातात, तेही लिहा.

भारतात बसून वाचणाऱ्यांसाठी हिशेब आणखी सरळ आहे. ‘अमेझिंग’ बरेचदा महिन्यातून दोनदा येतं; अंकाची किंमत ४ ते ५ डॉलर. म्हणजे आयातीचा खर्च न धरता वर्षाला १०० डॉलरच्या आसपास. तेवढ्यात चांगल्या कथांची चार-पाच पुस्तकं येतात. मालिकेत काय चाललंय एवढंच कळायला हवं असेल, तर मार्व्हलच्या डिजिटल वाचनालयात नवे अंक सुमारे तीन महिन्यांनी येतात. तेवढी वाट पाहा. गाजलेल्या मालिकांचे नावडते अंक पुढे जुन्या अंकांच्या पेटीत कवडीमोलाने मिळतात, त्यामुळे संग्रहातली फट भरायची संधी सहसा जात नाही. नव्वदच्या दशकातले लाखोंनी छापलेले अंक आजही तसेच पडून आहेत.

आणि संग्रह अपुरा राहिला तर प्रेम कमी होतं, असं मानू नका. मुंबईत राहणारा, धोतर नेसून इमारतींवरून झोके घेणारा पवित्र प्रभाकर २००४ मध्ये आला आणि अमेरिकेत त्याच्या त्या मालिकेचे अवघे चार अंक निघाले. चारच. तरी लोक त्याला विसरले नाहीत, आणि २०२३ मध्ये तो ‘अक्रॉस द स्पायडर-व्हर्स’मधून मोठ्या पडद्यावर आला.

परत यायची वाटही उघडी ठेवा. मालिकेवर नजर असू द्या. नवा लेखक जाहीर झाला की त्याचं आधीचं काम वाचा, पहिलं कथानक पूर्ण झाल्यावर विश्वासातल्या दोघा-तिघांना विचारा. १९७५ चं ‘एक्स-मेन’ वाचायला १९७० ते १९७५ चे अंक घेतलेले असावेच लागत नव्हते. ते अंक न घेतलेल्या वाचकांना क्लेअरमाँटने दार लावलं नाही.

या महिन्याची यादी समोर घ्या. जे नाव वाचताना आनंद होण्याऐवजी कर्तव्य आठवतं, ते खोडा. त्या पैशात आपल्या नायकाची कोणी तरी जीव ओतून लिहिलेली दुसरी कथा, नवी किंवा जुनी, विकत घ्या.